हर्षालीचा पुकारा

सरकारी वकील म्हटलं की लोकांना खून, दरोडे आणि उलटतपासणी आठवते. माझं काम त्याहून वाईट आहे. मी बालकल्याण खात्याची वकील. ज्या आईबापांकडून किंवा आजीआजोबांकडून खात्यानं पोर काढून घेतलं, ती माणसं कोर्टात आली की त्यांच्यासमोर उभं राहायचं आणि हे पोर तुमच्याकडे का राहू नये ते न्यायाधीशांना पटवून द्यायचं. समोरची बाई पदर तोंडात धरून रडत असते आणि मी चष्मा पुसून पुढचा मुद्दा मांडते. शिव्याशाप खाऊन माझी कातडी जाड झाली आहे. एकीनं तर मला, तुझी कूस उजवणार नाही, असा शाप दिला होता. तेव्हा माझा मुलगा बारावीला होता.

भुताखेतांचं म्हणाल तर आमच्या घरात ती कधी राहिली नाहीत. आम्ही म्हसळ्याचे ओव्हाळ. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीत सोडले आणि भुतंही त्यांच्याबरोबरच वाहून गेली. वडील शाळामास्तर. अंधारात काही दिसलं म्हणून आम्ही पोरं रडत आलो, की ते कंदील देत नसत. जयमाला, जा आणि हात लावून बघ काय आहे ते, म्हणत. तेव्हा पुढे जे सांगते आहे ते कुणा भित्र्या बाईचं बोलणं नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

गोदूबाई मुरुडजवळच्या एका कोळीवाड्यातली. साठी उलटलेली, अंगानं बारीक, पण पाठ ताठ. तिची नात कल्पिता, सात वर्षांची. पोरीचा बाप ती रांगत असतानाच तापानं गेला. आई हर्षाली, म्हणजे गोदूबाईची लेक, दोन वर्षांपूर्वी एका ओहोटीला खडकावरच्या शिंपल्यांतली कालवं फोडायला गेली ती परत आली नाही. टोपली सापडली, बाई सापडली नाही. वाड्यातले म्हणाले बुडाली. पोलिसांनी बेपत्ता म्हटलं. आमच्या खात्यानं, पोर टाकून कुठंतरी निघून गेली, असं धरलं. कायद्यात तसं धरायला वाव आहे, कारण प्रेत मिळालं नाही तर माणूस सात वर्षं जिवंतच समजतात.

पोर आमच्याकडे आलं ते शाळेतल्या बाईंच्या तक्रारीवरून. तिच्या डाव्या घोट्याभोवती दोरीचा वळ होता, नवा नव्हे, घासून घासून काळा पडलेला. आजी तिला रोज खाटेच्या खुराला बांधून ठेवत होती. का बांधतेस, असं आमच्या माणसांनी तिला परोपरीनं विचारलं. तिनं तोंड उघडलं नाही. बालकल्याण समितीपुढेही गप्प. मग पोरीला समुद्रापासून लांब, आतल्या भागातल्या बालगृहात ठेवलं, आणि समितीनं ठरवलं की आईनं टाकलेली, आजीनं छळलेली ही मुलगी दत्तक द्यायला मोकळी करावी. एक चांगलं जोडपं वाटही बघत होतं. त्यावर गोदूबाईनं जिल्ह्याच्या कोर्टात अपील केलं. ते फेटाळलं गेलं तर तिला नात पुन्हा कधी दिसणार नव्हती, कारण दत्तक गेलेल्या पोराचा पत्ता आम्ही कुणालाही देत नाही.

मला त्या केसमध्ये काडीची शंका नव्हती. पोराला जनावरासारखं बांधणाऱ्या बाईबद्दल माझ्या मनात दया नव्हती, आणि मी माझ्या लेखी म्हणण्यात तसं कडक शब्दांत लिहिलंही होतं.

सुनावणीच्या दिवशी न्यायाधीशांना मुलीशी बोलायचं होतं म्हणून बालगृहाच्या ताईंनी तिला आणलं. आमचं कोर्ट जुनं, लांब व्हरांड्याचं. व्हरांडा संपतो तिथे रस्ता, रस्त्यापलीकडे सुरूची झाडं आणि त्यामागे समुद्र. कल्पिता आल्या आल्या माझ्या टेबलामागच्या खिडकीशी जाऊन बसली. ताई म्हणाल्या, गाडीत सारखी बडबडत होती, समुद्र दिसला आणि गप्प झाली. बाहेर ओहोटी लागली होती आणि किनाऱ्यालगतचे खडक उघडे पडत होते.

न्यायाधीश निवृत्तीला आलेले, सज्जन, आणि रीतभात पाळण्याच्या बाबतीत सोवळ्यातले. मुलीच्या आईला अपिलात पक्षकार केलेलं होतं, कारण तिला न ऐकता तिचं पोर मोकळं करता येत नाही. तिला पाठवलेली नोटीस अर्थातच परत आली होती. आता राहिला होता फक्त पुकारा. शिपायानं दाराशी उभं राहून तिच्या नावानं तीनदा हाक मारायची, कुणी आलं नाही की गैरहजर म्हणून लिहायचं आणि पुढे जायचं. पळून गेलेले, दुबईला गेलेले, कुठे गेले ते देवालाही ठाऊक नाही असे, सगळ्यांचा पुकारा आम्ही करतो. आजवर त्यातलं कुणी आलेलं मी पाहिलं नव्हतं.

शिपाई सदा दाराकडे निघाला आणि गोदूबाई उभी राहिली. तिचा वकील दीपेश, सरकारी मदतीतून मिळालेला नवखा पोरगा, तिला हाताला धरून खाली बसवायला लागला. तिनं हात झटकला.

"साहेब, तिचं नाव पुकारू नका," ती म्हणाली.

साहेबांनी कारण विचारलं. मग त्या मुक्या बाईनं सांगितलं. दर्यानं नेलेल्या माणसाचं अंग सापडलं नाही तर घरच्यांनी पिठाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा असतो. तोवर दर्याला ऐकू जाईल असं त्याचं नाव घ्यायचं नाही. घेतलं तर माणूस येतं. तिच्या घरात दोन वर्षं लेकीचं नाव कुणी घेतलं नव्हतं. मग पुतळा का जाळला नाहीस, असं साहेबांनी विचारलं. पुतळा जाळला की लेक मेलीच की, मना ते व्हईना, म्हणाली. आणि पुकारायचंच असेल तर म्हसळ्याच्या कोर्टात पुकारा, तिथं दर्या न्हाय, असंही तिनं सुचवलं.

कोर्टात हशा पिकला. माझ्याच गावाचं नाव आलं म्हणून मीही हसले. मग उठून म्हटलं, की रूढींबद्दल आदर आहे, पण पुकारा केला नाही तर सगळी सुनावणी कच्ची राहील आणि वरचं कोर्ट ती परत पाठवेल. साहेबांना ते पटलं. म्हणजे तो पुकारा झाला तो माझ्या आग्रहामुळे झाला.

सदाचा आवाज खणखणीत. पहिली हाक व्हरांड्यातून पार रस्त्यापर्यंत गेली. दुसरीला बाहेरचे टंकलेखक थांबले. का थांबले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तिसरी हाक मारून सदा आत वळला तेव्हा कोर्टात पंख्याशिवाय कशाचा आवाज नव्हता. भर दुपारी कोर्टात अशी शांतता मी कधी अनुभवलेली नाही.

कल्पितानं खिडकीतून मान बाहेर काढली आणि ती हसली. "आली," ती म्हणाली.

दारात एक बाई उभी होती. मोरपंखी साडी, गुडघ्यापर्यंत भिजलेली, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. सदा बाजूला झाला, जसं कुणाही बाईला वाट द्यायला होतात तसा. ती आत आली आणि सगळ्यात मागच्या बाकावर बसली. साहेबांनी चष्म्यावरून पाहत, हर्षाली तुम्हीच का, असं विचारलं. तिनं मान हलवली. साहेबांनी ती हजर असल्याचं लिहून घ्यायला सांगितलं.

मला आधी राग आला. खरंच राग आला. दोन वर्षं ही बाई होती कुठे? इकडे पोर बालगृहात, म्हातारी कोर्टात, आणि ही आज साडी भिजवून उगवली. माझी सगळी तयारी पाण्यात गेली होती. दीपेश मात्र खुलला होता. त्याच्या मते पोर आता घरी जाणार हे नक्की होतं.

गोदूबाईकडे पाहिलं तर ती आपली जागा सोडून खिडकीशी गेली होती आणि तिनं नातीचा फ्रॉक मुठीत धरला होता. लेकीकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. दोन वर्षांनी लेक समोर आली आणि आई तिच्याकडे पाहत नाही, हे मला खटकलं. म्हणून मी स्वतः मागे वळून नीट पाहिलं.

मागच्या बाकावर दोन वकील बसले होते. ते उठून पुढे आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांना कुणी उठवलं नव्हतं. तिकडून ओहोटीच्या चिखलाचा वास येत होता. बाईच्या डोक्यावरच पंखा गरगरत होता, शेजारच्या खिडकीचा पडदा उडत होता, पण तिच्या पदराची कड हलत नव्हती. मग माझं लक्ष तिच्या पावलांकडे गेलं. कालवं फोडणाऱ्या बायकांची पावलं मी पाहिली आहेत. शिंपल्यांनी कापतात, रक्त येतं, खपली धरते. हिच्या पावलांवर कापल्याच्या कितीतरी खुणा होत्या, आणि त्या पांढऱ्या, उघड्या आणि धुतलेल्या होत्या. रक्त नव्हतं, खपलीही नव्हती. मी तिच्या छातीवरच्या पदराकडे बघत राहिले. पदर वर झाला नाही आणि खाली झाला नाही. ती श्वास घेत नव्हती.

जा आणि हात लावून बघ, असं वडील म्हणाले असते. माझा हात उचलला गेला नाही. मी घाबरले. सरळ सांगते, मी टेबलाला धरून जागच्या जागी उभी राहिले.

साहेब मात्र प्रसन्न होते. आई आली म्हणजे प्रश्नच मिटला, असं त्यांचं म्हणणं. जन्मदात्या आईचा हक्क पहिला. मुलगी आजच आईच्या ताब्यात द्यावी, खात्याच्या माणसांनी अधूनमधून घरी जाऊन पाहावं, असा हुकूम ते सांगायला लागले. त्यात चूक काहीच नव्हतं. आई जिवंत आहे हे मीच लेखी दिलं होतं. पुकारा करा हे मीच म्हटलं होतं. मी मांडलेला प्रत्येक मुद्दा आता त्या बाकावरच्या बाईच्या बाजूनं उभा होता, आणि कल्पिता आजीच्या मुठीतून फ्रॉक सोडवून घ्यायला धडपडत होती.

गोदूबाईनं मोकळ्या हातानं माझा कोट धरला.

"वकीलबाय, दर ओहोटीला पोर झोपेतनं उठून खडकाव चालू लागायची. आय हाका मारते बोलायची. दोनदा कमरंइतक्या पाण्यातनं ओढून आणली. म्हनून बांधली."

ते ऐकताना मला त्या घोट्याचा वळ डोळ्यांपुढे दिसला आणि मी त्यावर लिहिलेले कडक शब्दही आठवले. मला स्वतःची लाज वाटली. ही म्हातारी चौकशीत गप्प राहिली होती, कारण खरं सांगायचं तर लेक मेली हे तोंडानं म्हणावं लागलं असतं.

"ओव्हाळ मॅडम, सरकारची काही हरकत?" साहेबांनी विचारलं.

हरकत काय घेणार? बाई मेलेली आहे असं म्हटलं असतं तर साहेबांनी मला आधी पाणी दिलं असतं आणि मग रजा. मी म्हटलं, हरकत आहे, पण त्याआधी आईशी दोन शब्द बोलायची परवानगी हवी. साहेबांनी दिली. वकिलानं बोलायचं ते न्यायाधीशांकडे तोंड करून. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि मागच्या बाकापाशी गेले. तिथे गार होतं, विहिरीत उतरल्यावर लागतं तसं.

आजवर किती आयांसमोर उभी राहिले त्याची गणती नाही. ही दारू पिते, हिला सांभाळता येत नाही, ही लायक नाही, हेच मी बोलत आले. त्या बाईसमोर यातलं काही तोंडातून येईना.

"हर्षाली," मी हळूच म्हटलं, "तू वाईट आई नाहीस. तुला लेक हवी आहे, कुठल्या आईला नको असते? पण तू आहेस तिथे तिला श्वास घेता यायचा नाही. तिला अजून शाळेत जायचंय. तिला राहू दे."

तिनं पदर मागे सारून माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्याचं भय वाटावं असं काही नव्हतं. तारखेला आलेल्या बायका माझ्याकडे पाहतात तसंच ती पाहत होती, पोर मिळेल ना, एवढंच विचारत. मला वाटतं, त्या पाहण्याचंच भय सगळ्यात जास्त होतं.

तेवढ्यात कल्पिता सुटली आणि धावत तिच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. हर्षाली वाकली. तिनं पोरीच्या तोंडावरून हात फिरवला नाही, तिला जवळ ओढलं नाही. तिची बोटं खाली गेली आणि घोट्याभोवतीच्या काळ्या वळावर थांबली. तिनं तो वळ सगळा चाचपून पाहिला. मग तिनं मान वर करून आपल्या आईकडे पाहिलं, आणि त्या दुपारी पहिल्यांदाच गोदूबाईनंही तिच्याकडे पाहिलं.

"व्हय, मीच बांधली," गोदूबाई म्हणाली. "तुझ्यापास्नं."

कोर्टातल्या कुणालाही त्याचा अर्थ लागला नसेल. हर्षालीला लागला. ती बराच वेळ तशीच वाकून राहिली. मग तिनं हात मागे घेतला, पदर तोंडावर ओढला आणि उठली. ती दारातून जाताना सदा पुन्हा बाजूला झाला. कल्पिता तिच्यामागे झेपावली तेव्हा मी तिला मधेच धरलं. ती माझ्या मनगटाला कडकडून चावली, तिनं लाथा मारल्या, नखं लावली. मी सोडलं नाही.

साहेबांनी जे पाहिलं ते इतकंच, की आई आली, मुलीला पाहिलं आणि जबाबदारी न घेता निघून गेली. अशा आया त्यांनीही पुष्कळ पाहिल्या होत्या. त्यांनी खेदानं मान हलवली. मी तशीच पोरीला कवटाळून सांगितलं, की ही मुलगी झोपेत चालते, समुद्राकडे जाते, आजीनं तिला जपण्यासाठी बांधलं होतं, आणि सरकारचा अपिलाला आता विरोध नाही. दीपेशनं घाईघाईनं दुजोरा दिला. मुलगी आजीच्या ताब्यात द्यावी असा हुकूम झाला. खात्यात पुढे मला त्याबद्दल बोलणी बसली, ती मी खाल्ली.

आम्ही व्हरांड्यात आलो. भरती सुरू झाली होती आणि खडक पुन्हा पाण्याखाली जात होते. कल्पितानं धडपडणं सोडलं होतं, पण ती हलायला तयार नव्हती. तिचे डोळे सुरूच्या झाडांपलीकडे लागलेले.

"आई परत कधी येईल?" तिनं मला विचारलं. "तुम्ही बोलावलं की येईल ना?"

हा प्रश्न मला पोरं नेहमी विचारतात. त्यावर आम्हा लोकांचं एक ठरलेलं उत्तर असतं, पुढच्या तारखेला. ते माझ्या जिभेवर आलंही होतं. गोदूबाई माझ्याकडे पाहत होती. तिनं दोन वर्षं जे सांगितलं नव्हतं ते तिला आजही सांगता येणार नव्हतं, हे तिच्याकडे बघून कळत होतं. मी खाली उकिडवी बसले आणि पोरीचे दोन्ही हात हातात घेतले.

"कल्पिता, तुझी आई मेली," मी म्हटलं. "मघाशी आली ती तुला बघायला आली होती. ती समुद्रात बुडून मेली आहे. आता कुणी बोलावलं तरी ती यायची नाही."

पोरीनं माझ्यावर विश्वास ठेवला नाही. ठेवायचं कारणही नव्हतं. तिनं आजीकडे पाहिलं. "व्हय गो आजी?"

गोदूबाईनं मान हलवली. "व्हय गो बाय. मेली तुझी आय," ती म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली. तिच्या तोंडून जो हंबरडा फुटला तो दोन वर्षं कुठे कोंडून ठेवला होता कोण जाणे. कल्पिता तिच्या मांडीत शिरली आणि तीही रडायला लागली, मोठ्यानं, लहान पोरं रडतात तशी. मी तिथेच उभी राहिले. मनगट ठणकत होतं आणि माझेही डोळे गळत होते.

व्हरांड्यातून जाणारी माणसं थांबून बघत होती. कोर्टात असं रडणं नवं नाही, पण त्यातल्या एका म्हाताऱ्याला राहवलं नाही. त्यानं माझा काळा कोट पाहून विचारलं, केस हरल्या का हो बिचाऱ्या?

मी म्हटलं, नाही, त्यांच्या घरातलं माणूस गेलंय.

"अरेरे. कधी?"

"आत्ताच," मी म्हटलं.